लाखो वर्गांचे वर्गीकरण: दर नव्या प्रशिक्षणानंतर परत येणारा बिघाड कसा शोधावा

वर्गांची संख्या शेकड्यांत किंवा फार तर काही हजारांत असते तोपर्यंत वर्गीकरणाच्या मॉडेलचा शेवटचा थर (प्रत्येक वर्गाला स्कोअर देणारा) कोणाच्या लक्षातही येत नाही. ती संख्या लाखांत गेली की तीन तक्रारी हमखास ऐकू येतात. जीपीयूची मेमरी पुरत नाही, प्रशिक्षण रखडते, आणि हे दोन्ही कसेबसे निभावले तरी मॉडेल ठरावीक थोड्याच वर्गांची नावे पुन्हा पुन्हा देत राहते किंवा संबंध नसलेले वर्ग वर आणते. पहिल्या दोन तक्रारींवर एकदा उपाय केला की त्या सहसा पुन्हा उद्भवत नाहीत. तिसरी मात्र मिटल्यासारखी वाटते आणि नवा डेटा घेऊन मॉडेल पुन्हा शिकवले की परत येते, कधी तर उलट्या रूपात. हे लेखन मुख्यतः त्या तिसऱ्या तक्रारीसाठी आहे, कारण तिचे मूळ बहुतेक वेळा मॉडेलच्या रचनेत नसून वर्गांना दिलेल्या क्रमांकांत असते आणि तिकडे सगळ्यात शेवटी पाहिले जाते.

उदाहरण म्हणून अमेझॉन-६७०के हा सर्वांना खुला असलेला डेटासंच घेऊ. एका उत्पादनाच्या वर्णनावरून त्याच्याशी संबंधित इतर उत्पादने ओळखायची, असे त्याचे स्वरूप आहे. त्यात ६,७०,०९१ लेबले (म्हणजे वर्ग), प्रशिक्षणासाठी ४,९०,४४९ उदाहरणे आणि चाचणीसाठी १,५३,०२५ उदाहरणे आहेत. दर उदाहरणामागे सरासरी साडेपाच लेबले येतात, तर दर लेबलामागे सरासरी जेमतेम ४ उदाहरणे येतात. या शेवटच्या आकड्यात पुढच्या बऱ्याच अडचणींचे बीज आहे.

आधी खर्च कुठे होतो ते मोजावे

मेमरी संपल्याचा संदेश दिसताच बॅच (एका पावलात एकत्र घेतलेली उदाहरणे) लहान करण्याकडे सर्वांचा कल असतो. त्याआधी कागदावर थोडा हिशेब करणे फार उपयोगी ठरते. वर्णनाचे रूपांतर ७६८ आकड्यांच्या सदिशात होत असेल, तर शेवटच्या थरात ७६८ गुणिले ६,७०,०९१ म्हणजे सुमारे ५१.५ कोटी वेट (शिकले जाणारे आकडे) असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले तर ते २.०६ जीबी होतात. अ‍ॅडम हा ऑप्टिमायझर (वेट सुधारणारी पद्धत) वापरला तर वेट, ग्रेडियंट (प्रत्येक वेट कुठे किती हलवायचा ते सांगणारे आकडे) आणि ग्रेडियंटच्या दोन सरासऱ्या मिळून ही जागा चौपट, म्हणजे ८.२ जीबीच्या पुढे जाते, आणि या भागाचा बॅचच्या आकाराशी काहीही संबंध नसतो. बॅचशी संबंध असतो तो स्कोअरच्या तक्त्याचा: २५६ उदाहरणांची बॅच असेल तर तो तक्ता सुमारे ६८६ एमबीचा होतो, आणि सॉफ्टमॅक्स (स्कोअरचे एकूण १ होणाऱ्या संभाव्यतांत रूपांतर) व त्याचा ग्रेडियंट धरून २ जीबीपर्यंत जातो. म्हणजे बॅच निम्मी केल्याने १ जीबी वाचतो आणि ८ जीबी जागच्या जागी राहतात. उलट अ‍ॅडमचे प्रत्येक पाऊल ते सगळे वेट वाचून पुन्हा लिहीत असल्यामुळे बॅच लहान झाली की तीच किंमत अधिक वेळा मोजावी लागते आणि प्रशिक्षण आणखी मंदावते.

वेळेचाही असाच हिशेब करावा. बर्ट-बेसइतक्या मॉडेलमध्ये एन्कोडरचे (मजकुराचा सदिश बनवणाऱ्या भागाचे) सुमारे ८.५ कोटी वेट प्रत्येक टोकनला (शब्दाला किंवा शब्दखंडाला) वापरले जातात, त्यामुळे ३२ टोकनांच्या शीर्षकासाठी सुमारे २७२ कोटी गुणाकार होतात. शेवटच्या थरात दर उदाहरणाला ५१.५ कोटी होतात. अशा मॉडेलमध्ये शेवटच्या थरासाठी वेगवान युक्ती लावून एकूण वेळ फारसा कमी होणार नाही, आणि तिथे खरी अडचण मेमरीची असते. शब्दांच्या सदिशांची साधी सरासरी घेणारे हलके मॉडेल असेल, तर मात्र जवळजवळ सगळा वेळ शेवटच्या थरातच जातो. कोणती युक्ती निवडायची हे या एका फरकावर ठरते, म्हणून तो मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे ठाम मत आहे.

अडचण फक्त मेमरीची असेल आणि प्रत्येक लेबलासाठी स्वतंत्र सिग्मॉइड (होय की नाही याची ० ते १ मधली संभाव्यता) वापरत असाल, तर वर्ग ५०,०००च्या तुकड्यांत घेऊन लॉस (उत्तर किती चुकले याचे माप) आणि ग्रेडियंट काढता येतात. लेबले परस्परांवर अवलंबून नसल्यामुळे उत्तरात काहीही फरक पडत नाही, आणि स्कोअरचा तक्ता ५१ एमबीच्या आसपास राहतो. सॉफ्टमॅक्समध्ये आधी एका फेरीत छेद काढून दुसऱ्या फेरीत ग्रेडियंट काढावा लागतो, तरीही हे शक्य आहे. छेदाची बेरीज ३२ बिटांतच करावी. १६ बिटांच्या नेहमीच्या स्वरूपात ६५,५०४ च्या वरची संख्या मावत नाही आणि ६.७ लाख पदांची बेरीज ती मर्यादा सहज ओलांडते.

पहिला लॉस काय सांगतो

प्रशिक्षणाच्या पहिल्या पावलावरचा लॉस ही सर्वात स्वस्त तपासणी आहे. सुरुवातीला सगळे स्कोअर शून्याजवळ असतात, म्हणून पूर्ण सॉफ्टमॅक्सचा लॉस वर्गसंख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका, इथे १३.४२ च्या जवळ यायला हवा. तो २० किंवा ४० दिसत असेल तर सुरुवातीचे वेट फार मोठे आहेत. सॅम्पल्ड सॉफ्टमॅक्समध्ये सर्व वर्गांऐवजी १,००० निगेटिव्ह (त्या उदाहरणाचे नसलेले वर्ग) समान संभाव्यतेने निवडले असतील, तर तोच आकडा ६.९१ येतो. ६.९१ वरून २ वर आलेला लॉस पाहून समाधान मानणारे पुष्कळ भेटतात, परंतु तो लॉस १,००१ वर्गांमधल्या सोप्या स्पर्धेचा असतो आणि पूर्ण सॉफ्टमॅक्सच्या लॉसशी त्याची तुलना करता येत नाही. चाचणीच्या संचातील काही हजार उदाहरणांवर पूर्ण सॉफ्टमॅक्सचा लॉस अधूनमधून काढावा आणि प्रगती त्यावरूनच ठरवावी.

त्याच जोडीला आणखी एक संख्या काढून ठेवावी, ती म्हणजे लेबलांच्या वारंवारितेची एन्ट्रॉपी. वर्णन न वाचता केवळ कोणते लेबल किती वेळा येते एवढे पाठ केलेल्या मॉडेलचा लॉस तेवढा येतो. पूर्ण लॉस त्या संख्येपाशी येऊन थबकला असेल, तर मॉडेल फक्त लोकप्रियता शिकले आहे आणि ठरावीक वर्गांची नावे पुन्हा पुन्हा येण्याचे कारण तिथेच सापडते. सिग्मॉइड वापरणाऱ्यांसाठी याचेच दुसरे रूप आहे. बायस (प्रत्येक लेबलाच्या स्कोअरमध्ये मिळवला जाणारा आकडा) शून्यावर ठेवून सुरुवात केली तर पहिली हजारो पावले ६.७ लाख लेबलांना फक्त खाली ढकलण्यात जातात. बायस सुरुवातीलाच उणे ११.७ ठेवला, म्हणजे ६,७०,०९१ पैकी साडेपाच या प्रमाणाच्या लॉगॅरिदमइतका ठेवला, तर हा सगळा काळ वाचतो.

क्रमांकांचा घोळ

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. टेन्सरफ्लो या लायब्ररीतील सॅम्पल्ड सॉफ्टमॅक्सला निगेटिव्ह कसे निवडायचे ते सांगितले नाही, तर तो लॉग-युनिफॉर्म पद्धत वापरतो. या पद्धतीत लेबलाची निवड होण्याची संभाव्यता केवळ त्याच्या क्रमांकावर ठरते: क्रमांक शून्य सर्वात जास्त, आणि पुढे क्रमाने कमी. ६,७०,०९१ वर्गांसाठी हिशेब केला तर एकेका निवडीत शून्य क्रमांक येण्याची शक्यता सुमारे ५.२ टक्के आणि पहिल्या १०० पैकी एखादा येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के निघते. क्रमांक ६,००,००० च्या आसपासचे लेबल मात्र दर पावलाला १,००० निगेटिव्ह घेऊनही, २५६ च्या बॅचने डेटाच्या तीन-चार फेऱ्या झाल्यावर सरासरी एकदा निवडले जाते. सर्वात जास्त वेळा येणाऱ्या लेबलाला सर्वात लहान क्रमांक दिलेला आहे, हे या पद्धतीचे गृहीतक आहे. ते दस्तऐवजात लिहिलेले आहे, पण प्रोग्राम चालताना कोणीही ते तपासत नाही आणि गृहीतक मोडले तरी त्रुटीचा संदेश येत नाही.

प्रत्यक्षात क्रमांक कसे पडतात ते पाहिले की घोटाळा उलगडतो. सायकिट-लर्न या लायब्ररीचा लेबल एन्कोडर (नावांना क्रमांक देणारे साधन) नावे वर्णानुक्रमे लावतो. पायथॉनमध्ये नावांची यादी सॉर्ट करूनही तेच होते: चिन्हे आणि अंक यांनी सुरू होणारी नावे सर्वात वर, मग रोमन लिपीतील नावे, आणि युनिकोडमध्ये देवनागरीचे स्थान त्यांच्या बरेच पुढे असल्यामुळे मराठी-हिंदी नावे सगळ्यात शेवटी. दोन लिप्यांत नावे असलेल्या कॅटलॉगमध्ये याचा अर्थ असा होतो की कितीही वेळा येणारे असले तरी देवनागरी लेबल मोठ्या क्रमांकाचे ठरते आणि निगेटिव्ह म्हणून जवळजवळ कधीच निवडले जात नाही. स्वतःच्या उदाहरणांवर ते वर ढकलले जाते, इतरांच्या उदाहरणांवर त्याला खाली ढकलण्याची वेळ क्वचित येते. असे लेबल सहसा संबंध नसलेल्या उत्पादनांच्या यादीतही वर दिसू लागते. स्कोअरमधून निवडीच्या संभाव्यतेचा लॉगॅरिदम वजा करण्याची दुरुस्ती चालू असेल तर लॉसच्या आलेखात अधूनमधून उंच सुळकेही दिसतात, कारण क्वचित निवडल्या गेलेल्या लेबलाला ती दुरुस्ती मोठा भार देते.

त्यावर कंटाळून कोणी पायटॉर्च या दुसऱ्या लायब्ररीतील अ‍ॅडॅप्टिव्ह सॉफ्टमॅक्सकडे वळतो. एदुआर ग्राव आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेली ही पद्धत फार चांगली आहे, आणि तिचेही गृहीतक नेमके तेच आहे. क्रमांकांप्रमाणे लेबलांचे गट पाडले जातात, पहिल्या गटाला पूर्ण ७६८ आकड्यांचा सदिश मिळतो, आणि पुढच्या प्रत्येक गटासाठी तो मुळातल्या मांडणीत चार पटींनी आक्रसत १९२, ४८, १२ असा होतो. दुर्मीळ लेबलांसाठी हा काटकसरीचा विचार योग्यच आहे. परंतु क्रमांक वर्णानुक्रमे असतील तर तीच देवनागरी लेबले आता १२ आकड्यांच्या गटात जाऊन पडतात आणि निकालांतून दिसेनाशी होतात. एका साधनात जी लेबले नको तिथे वर येत होती तीच दुसऱ्या साधनात कुठेच येत नाहीत, आणि लक्षणे परस्परविरुद्ध असल्यामुळे दोन्हींचे कारण एकच असेल अशी शंकासुद्धा येत नाही.

बिघाड पुन्हा पुन्हा का येतो, याचेही उत्तर इथेच आहे. कोणीतरी एकदा क्रमांक वारंवारितेप्रमाणे लावून दिलेले असतात आणि निकाल सुधारतात. पुढे नवीन कॅटलॉग येतो, डेटा तयार करणारा प्रोग्राम लेबलांची यादी नव्याने बनवतो आणि क्रम पुन्हा वर्णानुक्रमे पडतो. यादी सॉर्ट न करता सेटमधून (क्रम नसलेल्या संग्रहातून) थेट घेतली असेल तर आणखी वाईट. पायथॉन ३.३ पासून मजकुराचे हॅश (सेटमधला क्रम ठरवणारे आकडे) दर वेळी वेगळे पडतात, त्यामुळे तोच प्रोग्राम तोच डेटा घेऊन पुन्हा चालवला तरी क्रमांक बदलतात. प्रशिक्षणाच्या वेळी एक यादी आणि वापराच्या वेळी दुसरी असे झाले, तर चाचणीत उत्तम ठरलेले मॉडेल प्रत्यक्ष वापरात अगदीच असंबद्ध उत्तरे देते.

खात्री करण्यासाठी लेबलांचा क्रमांक आणि प्रशिक्षणसंचातील वारंवारिता यांचा आलेख काढावा. पहिल्या ५० आणि शेवटच्या ५० क्रमांकांची नावे वारंवारितेसह नुसती छापून पाहिली तरी बहुतेक वेळा पुरते. आलेख उतरता नसेल तर दुसरे काहीही शोधत बसण्याआधी हे दुरुस्त करावे. वारंवारितेच्या उतरत्या क्रमाने यादी बनवावी, समान वारंवारितेची लेबले नावाच्या क्रमाने ठेवावीत, ती यादी फाइलमध्ये जतन करून मॉडेलच्या वेटसोबतच ठेवावी आणि वापराच्या वेळी तीच वाचावी. प्रशिक्षण सुरू होताना क्रम उतरता आहे की नाही हे तपासून नसल्यास थांबणारी एक ओळ प्रोग्राममध्ये घालावी. नवीन लेबले यादीच्या शेवटी जोडावीत, आणि त्यांची वारंवारिता वाढल्यावर क्रम बदलायचा झाला तर वेटच्या ओळी व ऑप्टिमायझरच्या सरासऱ्यांच्या ओळीही त्याच क्रमाने हलवाव्यात. सरासऱ्या हलवायच्या राहून गेल्या तर पहिली काही पावले प्रत्येक लेबलाला दुसऱ्याच लेबलाच्या गतीने ओढतात.

यादी बनवताना देवनागरीची एक बाब स्वतंत्रपणे तपासावी. ‘सुऱ्या’ हे लेबल एके ठिकाणी ‘ऱ’ या अक्षराने टंकलेले असते, दुसरीकडे ‘र’, हलन्त आणि शून्यरुंदीचे जोडचिन्ह वापरून टंकलेले असते. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकासाठी ते दोन वेगळे वर्ग असतात. नुक्ता जोडून लिहिलेला ‘ऱ’ युनिकोडच्या नेहमीच्या एनएफसी सामान्यीकरणाने एकरूप होतो, जोडचिन्हाचे रूप मात्र होत नाही. त्यासाठी स्वतःचा बदल-नियम लिहावा लागतो. मुळात चारच उदाहरणे असलेल्या लेबलाची दोन शकले झाली की ते शिकण्याची आशा उरत नाही.

निगेटिव्ह त्याच बॅचमधील इतर उदाहरणांच्या लेबलांतून घेत असाल तर क्रमांकांचा प्रश्न येत नाही, पण वारंवारितेचा येतो. लोकप्रिय लेबल लोकप्रिय असल्यामुळेच सतत निगेटिव्ह म्हणून येते आणि प्रमाणाबाहेर खाली जाते. इथेही निवडीच्या संभाव्यतेचा लॉगॅरिदम वजा करावाच लागतो. शिवाय एका उदाहरणाला सरासरी साडेपाच खरी लेबले असल्याने निगेटिव्ह म्हणून निवडलेले लेबल प्रत्यक्षात त्या उदाहरणाचेच असू शकते. अशी लेबले निगेटिव्हमधून वगळावीत.

वृक्ष वापरत असाल तर

६,७०,०९१ मधून एक निवडायला तत्त्वतः २० होय-नाही निर्णय पुरतात, आणि हेच वृक्षाचे आकर्षण आहे. शब्दांचे सदिश बनवणाऱ्या वर्ड२व्हेकमध्ये २०१३ साली हफमन वृक्ष (वारंवार येणाऱ्या शब्दांना आखूड वाट देणारा) वापरला गेला, जॉन लँगफर्ड आणि आना खोरोमान्स्का यांनी २०१५ मध्ये प्रशिक्षणाच्या ओघातच वाढणारा वृक्ष मांडला, आणि मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेतून २०१४ मध्ये फास्टएक्सएमएल व २०१८ मध्ये पॅराबेल या पद्धती आल्या. अडचण अशी की चुका साचत जातात. प्रत्येक निर्णय ९८ टक्के वेळा बरोबर असला तरी २० निर्णय सलग बरोबर येण्याची शक्यता ६७ टक्केच उरते. त्यामुळे वृक्ष वापरूनही निकाल कमी येत असतील तर दोन गोष्टी पाहाव्यात. वृक्ष लेबलांच्या अर्थावरून बांधला आहे की क्रमांकांवरून? क्रमांकांवरून सलग निम्मे-निम्मे भाग पाडले असतील तर एकाच फांदीवर असंबद्ध लेबले येतात आणि प्रत्येक निर्णय विनाकारण अवघड होतो. पॅराबेलमध्ये लेबलांचे त्यांच्या उदाहरणांवरून समान आकाराचे गट पाडत जातात आणि शंभरापर्यंत लेबले उरली की थांबतात, त्यामुळे इथे १३ पातळ्या पुरतात. दुसरे म्हणजे शोध घेताना एकच फांदी धरून खाली जाता की सर्वोत्तम दहा फांद्या जिवंत ठेवता? एकच फांदी धरत असाल तर ती संख्या १० करून पाहावी. वेग थोडा कमी होतो आणि वरच्या पातळीवरची चूक खाली भरून निघते.

वापराच्या वेळी निकाल घसरत असतील तर

सॅम्पल्ड सॉफ्टमॅक्स हा फक्त प्रशिक्षणापुरता आहे. वापराच्या वेळी सर्व वर्गांचे स्कोअर काढायचे असतात. ते परवडत नाही म्हणून एचएनएसडब्ल्यूसारखा (जवळचे सदिश झटपट शोधणारा) अंदाजी शोध लावला जातो आणि तिथे एक ठरलेली गफलत होते. निर्देशांक कोसाइन साम्यावर बांधला जातो, तर मॉडेल आतील गुणाकार आणि बायस यांवर शिकलेले असते. बायस जपायचा असेल तर लेबलाच्या सदिशाला तो ७६९ वा आकडा म्हणून जोडावा, वर्णनाच्या सदिशाला त्याच जागी १ जोडावा, आणि शोध आतील गुणाकारावरच ठेवावा. अंदाजी शोधाआधी अचूक स्कोअर तुकड्यातुकड्यांत काढून एकदा सगळी चाचणी करावी. दोन्हींत फरक किती पडतो ते कळले की दोष मॉडेलचा की शोधाचा हा वाद उरत नाही.

दुर्मीळ लेबले आणि मोजमाप

वरचे सगळे नीट असूनही दुर्मीळ लेबले येत नसतील तर वेट डिके (प्रत्येक पावलाला वेट थोडे आक्रसवणे) पाहावा. शिकण्याचा दर ०.००१ आणि डिके ०.०१ असेल तर अ‍ॅडमडब्ल्यूमध्ये प्रत्येक पावलाला वेट एक लाखांशाने आक्रसतो, आणि १ लाख पावलांत केवळ त्यामुळे मूळ मूल्याच्या ३७ टक्क्यांवर येतो. नेहमी येणारे लेबल ही घट भरून काढते, डेटाच्या एका फेरीत चारदा येणारे भरून काढू शकत नाही. शेवटच्या थराला डिके लावू नये किंवा फार थोडा लावावा.

मोजमापही वारंवारितेच्या गटांप्रमाणे वेगवेगळे करावे. हिमांशू जैन, यशोतेजा प्रभू आणि मनिक वर्मा यांनी २०१६ मध्ये मांडलेले प्रवृत्तिभारित मोजमाप (दुर्मीळ लेबलाला अधिक श्रेय देणारे) यासाठीच आहे. अमेझॉनच्या संचांसाठी वापरल्या जाणाऱ्या स्थिरांकांनी हिशेब केला तर प्रशिक्षणात एकदाच आलेले लेबल बरोबर ओळखल्याचे श्रेय सुमारे १३, आणि हजार वेळा आलेल्याचे सुमारे १.४ मिळते. साधी अचूकता वाढत असताना हा आकडा पडत असेल, तर मॉडेल पुन्हा लोकप्रियतेकडे झुकत आहे आणि क्रमांकांच्या आलेखाकडे परत जावे.

प्रशिक्षणसंचात एकही उदाहरण नसलेली लेबले वेगळी काढावीत. त्यांच्या वेटची ओळ अनियमित सुरुवातीवरच राहिलेली असते, आणि तिचा स्कोअर कधी कधी शिकलेल्या दुर्मीळ लेबलापेक्षाही वर येतो. अशा ओळी निकालांतून वगळाव्यात, किंवा लेबलाच्या नावाचा मजकूर त्याच एन्कोडरमधून काढून मिळालेला सदिश त्या जागी ठेवावा आणि पुढच्या प्रशिक्षणात तिथूनच सुरुवात करावी.